सीआरपी उतरला

४ मार्च
काल दवाखान्यातून घरी. सव्वीस फेब्रुवारीला कारखान्यात कापडाचं कटिंग करतानाच उजवा हात गेला. गेला म्हणजे जागेवर आहे, ऐकत नाही एवढंच. मेंदूच्या शिरेत रक्ताची गाठ अडकली म्हणे. हे डाव्या हातानं लिहितोय. उजव्याला विश्रांती.
संकल्प: शाळा उघडायच्या आत टेबलावर हजर. युनिफॉर्मचा सीझन कटिंग मास्तरशिवाय निघत नाही. गौस आहे, पण तो बारा वर्षं माझ्या हाताखाली. एकट्यानं शंभर थर कापणं त्याचं काम नव्हे.

५ मार्च
डॉक्टरांनी फाइल समजावली. सीआरपी म्हणजे अंगातली सूज. माझा अठ्ठावीस, हवा पाचच्या आत. होमोसिस्टीन म्हणून एक आहे, तो शिरा खराब करतो. तोही चढलेला. मानेतली डावी शीर निम्मी बंद. म्हणजे निम्मी चालू. मॅट्रिकला मला बेचाळीस टक्के होते, तरी संसार झालाच.
पुढं म्हणाले, तडाखा केवढा बसला आणि पुढं धोका किती, याचा अंदाज या आकड्यांवरून येतो. हात मात्र व्यायामानंच येईल, पहिले तीन महिने फार मोलाचे. बरंच बोलले. मुद्दा माझ्या लक्षात आला. आकडे खाली आले की हात वर.

११ मार्च
फिजिओथेरपीवाली मुलगी आली. ऋतुजा, माढ्याची. म्हणाली, काका, मूठ मिटायची, उघडायची, दिवसातून तीन वेळा, दहा-दहादा. दोनदा प्रयत्न केला. घाम फुटला. तिला समजावलं की अंगात सूज असताना हाताला राबवणं बरं नव्हे, आधी सीआरपी उतरू दे. ती म्हणाली, काका, असं नसतं हो. वय लहान आहे तिचं.
दमलो. झोपलो.

३ एप्रिल
आठ तारखेला रक्त द्यायचंय. अभ्यास सुरू. भजी बंद, मटण बंद, मीठ कमी. गोळ्या घड्याळ लावून. सावित्रम्मा म्हणाली, हे रोजच करा की. बायकोला परीक्षेचं तंत्र कळत नाही.

८ एप्रिल, सकाळी ९
रक्त दिलं. लॅबच्या शेजारीच गरम भजी निघत होती. एक प्लेट खाल्ली. रक्त बाटलीत गेलेलं आहे, आता भज्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

९ एप्रिल
सीआरपी नऊ! होमोसिस्टीनही उतरणीला. सावित्रम्माला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, लई कौतुक चाललंय कागदाचं, शर्टाचं बटण तेवढं लावून दाखवा की. बटण तिनंच लावलं.

२१ एप्रिल
गौसचा फोन नाही. माझ्यावाचून खोळंबला असणार बिचारा, सांगायला संकोचत असेल. मीही केला नाही. उगाच त्याला लाज वाटायची.

१४ मे
ऊन मरणाचं. पंखा गरम वारा फेकतोय. अशात व्यायाम म्हणजे आत्महत्या. ऋतुजा आता येत नाही. जाताना म्हणाली, काका, मनापासून करणार असाल तेव्हा बोलवा. आजकालच्या मुलांना धीर कसा तो नाहीच.
खरं लिहायचं तर दुपारी कुणी बघत नसताना कात्री उजव्या हातात धरून पाहिली. पडली. कात्रीचा स्क्रू ढिला आहे.

३ जून
सीआरपी तीन. होमोसिस्टीन बारा. शुगर नॉर्मल. एकाही आकड्याखाली लाल रेघ नाही! रिक्षावाल्यालाही रिपोर्ट दाखवला. तो म्हणाला, मामा, मग आता व्हा की उभे. उजव्या हातानं दांडी धरता येईना, त्यानंच धरून उतरवलं.
उद्या डॉक्टर. परवापासून टेबल.

४ जून
डॉक्टर खूश. म्हणाले, रक्त छान आहे, गोळ्या चालू ठेवा. आता हात उचला. सांगितलं, आकडे आत्ता कालच खाली आलेत, हात येईल आठवडाभरात. ते सावकाश म्हणाले, रक्त सुधारलं म्हणजे पुढचा झटका टळण्याची आशा वाढली. हाताचं काम तुमच्याकडं होतं. तीन महिने झाले. अजून येईल थोडा, पण ज्या काळात सहज आला असता तो काळ गेला.
फाइलवर त्यांनी काहीतरी लिहिलं. रिक्षात वाचलं. रक्त समाधानकारक. उजवा हात, फरक नाही. पेशंट व्यायाम करत नाही.

४ जून, संध्याकाळ
सावित्रम्माला म्हटलं, उद्यापासून करतो. ती म्हणाली, उद्या नाही, आत्ता. समोर बसली. मूठ मिटली. उघडेना. एकेक बोट तिनं सोडवून दिलं. असं दहा वेळा. मला रडू आलं, तिनं बघितलं, पण थांबली नाही.
मग गौसला फोन लावून घेतला. मन घट्ट करून म्हटलं, बाबा रे, यंदा मला जमत नाही, सीझनचं कटिंग तूच बघ.
गौस म्हणाला, मास्तर, मार्चपासनं मीच बघतोय की. माल गेला पण सगळ्या शाळांना.