टिकली लावलेली फाइल

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आज शंकर नगरच्या शेठजींची चांगलीच जिरली. बायकोसाठी "कुछ स्पेशल लिखिए" म्हणाले. आमच्या कॅन्सर वॉर्डच्या मोठ्या डॉक्टर अनुश्री मॅडमनी भिंतीवरचा तक्ता दाखवला — कॅन्सरच्या कुठल्या टप्प्याला कुठलं औषध, किती वेळा. "सबके लिए यही. यही स्पेशल है."

बायकोच्या शेजारच्याच खुर्चीत सिलतऱ्याच्या प्लांटमधला मजूर भैय्यालाल. आजार तोच, टप्पा तोच, सलाईनमधलं औषधही तेच. पूर्वी जितके डॉक्टर तितकी औषधं. महाग तेच चांगलं, असं आम्हा नर्सेसनाही वाटायचं. पैसे संपून निम्मे पेशंट दोन डोसनंतर गायब! भैय्यालालचा आज सहावा.

५ फेब्रुवारी

टिकलीचा नियमही मॅडमचाच. तक्त्याबाहेरचं काही दिसलं, की नर्सनं कपाळावरची टिकली काढून फाइलवर चिकटवायची. दोन डॉक्टरांनी बघून सही करेपर्यंत औषध थांबतं. मला आधी हसू आलं होतं. दुसरे डॉक्टर, सुशील सर, त्यांच्या फाइलवर दोनदा लावली, आता तेही रागावत नाहीत. पंधरा वर्षांच्या नोकरीत अशी बाई पाहिली नाही.

१० फेब्रुवारी

मॅडमचे बाबा भरती झाले. गंगाधरकाका, रेल्वेतून रिटायर. कॅन्सर लिव्हरमध्ये पोचलाय, दोन औषधं देऊन झाली, फरक नाही. मॅडम बाहेर गेल्यावर मला म्हणाले, "पोट्टी लय धावपळ करून राहिली. मले घरी जायचं हाय. तिले कोन सांगंन?"

मी उशी नीट केली.

११ फेब्रुवारी

काकांची फाइल आली. मॅडमच्या अक्षरात केमोचं तिसरं औषध. तक्त्यात या टप्प्याला केमो नाहीच — दुखणं थांबवा, घरी पाठवा. तो रकाना लिहिलाय मॅडमनीच.

फाइल दोनदा मिटली. तिचे वडील आहेत, मी कोण? मग टिकली काढली आणि लावली.

मॅडमनी पाहिलं. "तुम भी, दीदी?" एवढंच म्हणाल्या. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. टिकली मात्र काढली नाही.

१२ फेब्रुवारी

औषध थांबलेलंच. माझं चुकलं का?

१३ फेब्रुवारी

टिकलीखाली दोन सह्या. सुशील सरांची, आणि मॅडमची. औषधावर काट.

मॅडम आज रजेवर — तीन वर्षांत पहिल्यांदा. काकांना घेऊन बूढापाऱ्याला घरी गेल्या.