ओटीतला रुपया

वलगाव, ५ फेब्रुवारी १९३१

आत्या ओरडली तेव्हा मी कणीक मळत होते. "खोटा! पोरीच्या ओटीत खोटा रुपया!"

काल अकोल्याचे उत्तमराव आपल्या थोरल्या मुलासाठी मला पाहून, कुंकू लावून गेले. ओटीत नारळ आणि एक काळवंडलेला रुपया. दुर्गाआत्यानं आज तो देवापुढे ठेवायला म्हणून चिंच-राखेनं लख्ख घासला, उलटवला — एका बाजूला बादशहा, दुसऱ्या बाजूलाही बादशहाच! पण हा आत खोल गेलेला, तोंड उलट्या दिशेला. किंमत नाही, साल नाही.

बाबा म्हणाले, "खोटं नानं देनाऱ्याच्या घरी पोरगी देऊ काय? नारळ परत!"

मी रुपया उचलून पदराला बांधला.

६ फेब्रुवारी

पाहिल्याशिवाय बोलू नये — घरी अक्षरं गिरवून घेताना बाबाच सांगायचे. म्हणून आज पाहिलं. खोल बाजू कणकेच्या गोळ्यात दाबली. बादशहा वर उठून आला! मुकुट, दाढी, अक्षरं — सगळं पहिल्या बाजूसारखंच. खोटी नाणी पाडणारा तरी असलं न खपणारं नाणं कशाला पाडेल?

पण मला तो खरा हवा आहे. म्हणून माझ्याच डोळ्यांचा भरवसा वाटत नाही.

अकोल्याच्या जठारपेठेतले केशवमामा जुनी नाणी जमवतात. त्यांना दाखवू म्हटलं. बाबा म्हणाले, "चाल. पन मामा खोटा म्हनले तर त्या घराचं नाव काढू नको."

अकोला, ८ फेब्रुवारी

रुपया कुणाचा ते मामांना आधी सांगितलंच नाही. माझ्या तोंडाकडे पाहून निकाल द्यायला नको.

मामांनी तो फरशीवर वाजवला. काट्यावर तोलला — बरोबर तोळा. कडेच्या रेघांवरून नख फिरवलं. मग भिंग माझ्याच हाती दिलं.

"दाढी पाह्य. केस दिसतेत?"

दिसत होते. एकेक.

"कोनी मागून ठोकून हा ठसा उठवला असता, तर इकडची दाढी चपटी झाली असती. हा टांकसाळीतच चुकला, पोरी! आधीचा रुपया साच्यात अडकून राह्यला, अन् त्याच्यावरच हा ठोकल्या गेला; त्याचंच तोंड याच्या पाठीत रुतलं."

मी पुन्हा विचारलं. आणखी एकदा विचारलं.

"अवं, खरा हाय! आता काय शपथ घेऊ?"

मग त्यांना बारीक ओरखडे दिसले. कपाळाला हात! "हे घासलं कोनं? ती काळी झाक म्हंजे त्याचं अंग. सोलून काढलं बिचाऱ्याले!"

आत्यानं, म्हटलं.

"दुर्गाबाईच्या हातून बादशहाबी नाही सुटला!"

रात्री

मामांना सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "खरा असन. पन असा अवलक्षनी रुपया ओटीत टाकाचा काहून?"

हे मात्र भिंगातून दिसत नाही. मामा उद्या उत्तमरावांकडे जाऊन विचारणार आहेत.

९ फेब्रुवारी

मामा आले. उत्तमरावांना यातलं काही ठाऊकच नव्हतं. त्यांनी काढून ठेवलेला रुपया थोरल्यांनी बदलला होता! हा थोरल्यांचा स्वतःचा, लहानपणापासून जपलेला. दिवाळीच्या पूजेलासुद्धा कुणाला घासू दिला नाही. मुलगी घरीच लिहा-वाचायला शिकली आहे, हे ऐकून तो माझ्या ओटीसाठी ठेवला म्हणे.

मामांना थोरल्यांनी माझ्याबद्दल एवढंच विचारलं, "त्याईनं उलटून पाह्यला काय?"

देवा! आता चिंचेचं कसं सांगू?