तोरणाखाली झालेली माझी अब्रूनुकसानी

मेडशी

प्रिय राजाभाऊ यांस,

तुमच्या बदनाम झालेल्या भाऊजींचा नमस्कार. एखाद्या गरीब वृषभाला दुपारी डुलकी लागावी, एवढ्या क्षुल्लक गोष्टीवरून एका संस्कृत शिक्षकाची अपकीर्ती व्हावी, असा काळ आला आहे. बाकी सर्व क्षेम. तुमच्या भगिनी वर्षाराणी यांचे गुडघे आणि मते दोन्ही पूर्ववत आहेत (गुडघे त्यांना दुखतात, मते मला).

तुम्ही पुण्याला जाऊन इतकी वर्षे झाली की पोळ्याच्या झडत्या विसरला असाल. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की कोणीही कोणाचीही यमकात टिंगल करतो, सगळे 'हर हर महादेव' म्हणतात, आणि ज्याची टिंगल झाली त्याने हसून बैल पुढे काढायचे. गेल्या पोळ्याला जगदेवने (माझा शाळासोबती, आमच्या धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध, लागून त्याचे शेत) माझ्याकडे पाहून घसा साफ केला आणि म्हटले:

सराच्या बैलानं सोडला चारा,
संस्कृत आयकून चढला पारा,
काठी नाही लागत, नाही लागत दोर,
श्लोक आयकला का निजते घोर!

मीही हसलो असतो. परंतु शेजारी आमच्या शिक्षण संस्थेचे नवे अध्यक्ष उभे होते, आणि ते माझ्या आधी हसले. त्यात आमच्या बैलाने नेमकी तीच वेळ साधून खाली बसकण मारली. मी तडक वाशीमला एका वकिलांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसून विचारले, "सर, बदनामी तुमची झाली का बैलाची?" मी म्हटले, उभयतांची. ते म्हणाले, "बैलाचं वकीलपत्र मी घेत नाही. पण मले सांगा, बैल खरंच निजते काय?" मी छत्रीची घडी नीट करू लागलो. "खरं असल तर मग अवघड हाय," ते म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

त्यांना असे साक्षीदार हवे होते की ज्यांच्या नजरेतून मी त्या झडतीमुळे उतरलो. म्हणून मी घरोघर जाऊन विचारत सुटलो (असा प्रश्न आपणहून विचारणारा मनुष्य तालुक्यात दुसरा झाला नसावा). शेजारच्या तुळसाबाई म्हणाल्या, "नाही जी सर, उतरले कुठी? पह्यले होते तेवढेच हा." बाकीच्यांनी साक्ष द्यायची तयारी दाखवली, पण प्रत्येकाने आधी झडती चालीवर म्हणून दाखवली. नोटिशीत ती अक्षरशः घालावी लागली. टंकलेखकाने ती मोठ्याने वाचली, आणि मी एसटी स्टँडवर पोहोचेपर्यंत रसवंतीवाला ती गुणगुणत होता. तोवर तिची कीर्ती मेडशीच्या शिवेपुरती होती. जिल्ह्याच्या ठिकाणी ती मी स्वतः तिकीट काढून नेली.

नोटीस मिळताच जगदेव दारात आला. भांडायला आला असेल म्हणून मी चार मुद्दे तयार ठेवले होते. तो टोपी काढून उभा राहिला. "चुकलं आमचं सर. तुमी म्हणसान तसं लिवून देतो." म्हणजे मी जिंकलो. तरीही माझे समाधान झालेले नाही, सबब पुण्यातला एखादा नामांकित वकील मजसाठी पाहावा, ही विनंती.

तुमचा,
विश्वंभर

ता. क. वकील पाहू नका. पोळा तोंडावर आला आहे आणि यंदा आपण तोंड उघडणार नाही, असे जगदेव पारावर सांगून बसला आहे. त्याचे पाहून बाकीचेही माझे नाव टाळतात. जगदेव तुमचे ऐकतो. त्याला फोन करून म्हणा, सराला यंदा सोडू नको. बैलावर म्हण, टकलावर म्हण, हवे तर नोटिशीवरच म्हण. मी हसेन. आंघोळ करताना सराव चालू आहे (तुमच्या भगिनी दाराबाहेरून प्रकृती विचारतात).

आणखी एक. विश्वंभरचा 'इश्या' करून जन्मभर तो मला 'काबे इश्या' म्हणत आला. नोटीस मिळाल्यापासून 'सर, तुमी' म्हणतो. परवा धुऱ्यावर मला येताना पाहून त्याने बिडी विझवली आणि उठून उभा राहिला. राजाभाऊ, तो आता असाच उठून उभा राहत जाईल, याची मला भीती वाटते.