धुऱ्यातलं इंटरनेट

१८ जून २००८.
आजपासून रोज लिहायचं. कारणही तसंच आहे. प्राचार्य कटरे सरांनी मला नेटवर्क इन्चार्ज केलं. मी इतिहासाचा, हे खरं. पण नागपूरला आठ दिवसांचा कॉम्प्युटर कोर्स केलेला आमगावच्या या कॉलेजात दुसरा आहे कोण? १४ ऑगस्टला विद्यापीठाची कमिटी येतेय. तोवर ऑफिसमधलं इंटरनेट समोरच्या लायब्ररीत पोचलं, तर मी कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख. स्वतंत्र केबिन. नाही पोचलं, तर लायब्ररीत पुस्तकं मोजायची.

२३ जून.
ऑफिस आणि लायब्ररीच्या मधे कॉलेजची धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर. सगळे म्हणाले, खांब रोवा. मला आंघोळ करताना सुचलं: केबल धुऱ्यात, म्हणजे बांधीच्या कडेच्या बांधात पुरायची! बांधीत पाणी भरलं तरी धुरा उंच. पुरली. लायब्ररीत नेट आलं. क्लार्क योगेश्वरी मॅडम म्हणाल्या, शिपाई केवळरामला विचारायचं होतं, बांधी तोच कसतो. केवळरामला केबलमधलं काय कळतं?

४ जुलै. दुपारी ३.
नेट बंद. केवळरामनं धुऱ्यात हात-हातभर अंतरावर सब्बल मारून, पहारीच्या त्या भोकांत बी टाकत तूर टोबली. म्हणे, दरसाल धुऱ्यावर तूरच लावून राहिलो सर, तुमी तिथं तार कायले गाडली? केबलचे अकरा तुकडे. मी शांत राहिलो. थोडा ओरडलो.

९ जुलै.
तसंही वायर आता जुनी झाली. वायरलेसच करायचं, हे माझ्या मनात पहिल्यापासून होतं.

१९ जुलै.
वायरलेसचा डबा ऑफिसात लावला. लायब्ररीत सिग्नल! पण डबा चोरीला गेला तर? दूरदृष्टी हवी. लोखंडी अलमारीत ठेवला, भोकातून वायर आत घेतली, कुलूप लावलं. चावी माझ्या खिशात.

२१ जुलै.
सिग्नल गेला. पावसाळी हवा.

१ ऑगस्ट.
आभाळ मोकळं, तरी सिग्नल नाही. भिंती जाड असाव्यात. मॅडमचं म्हणणं, अलमारी उघडून पाहू. मी समजावलं, वायरलेसला दार आडवं येत नाही. मॅडम हसल्या. पटलं असावं.

१४ ऑगस्ट. सकाळी ७.
आज माझा दिवस. नवा शर्ट. कमिटीला आणायला स्वतः गोंदियाला निघालोय. सिग्नल ऐन वेळी येणारच. साहेब लोक आले की विजेची लाइनसुद्धा जात नाही.

संध्याकाळ.
कमिटी जीपनं परस्पर कॉलेजात. मी स्टेशनवर दोन तास हार धरून. परतलो, तर लायब्ररीत तिन्ही साहेब कॉम्प्युटरसमोर खूश. केवळरामनं अलमारीचं कुलूप तोडलं होतं, मॅडमनं डबा खिडकीत ठेवला होता. बस्स, एवढंच. प्राचार्य म्हणाले, लीलाधरजी, थे कहाँ आप? फार वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू. पण नेटवर्क माझंच!

२० ऑगस्ट.
कॉम्प्युटर विभागप्रमुख: योगेश्वरी मॅडम. केबिन पाहिली, फार काही मोठी नाही. मला मागे राहून मार्गदर्शन करायलाच आवडतं. सध्या लायब्ररीत. चारशे बारा पुस्तकं मोजून झाली. मार्गदर्शनासाठी नवा पासवर्ड मागायला गेलो. मॅडम अगदी आदरानं म्हणाल्या, देतो ना सर, पण आता अर्ज ऑनलाइनच घ्याचा नियम हाय.

अर्ज तयार आहे. नेट मिळालं की पाठवतो.