ताटलीतला दिवा आणि काचेचा गिलास

प्रिय सोनीचे बाबा,

लिहायचं त्राण नाही, तरी लिहिते आहे. आज शाळेतून मॅडमचा फोन आला. विज्ञानाच्या तासाला त्यांनी मेणबत्ती पेटवली, गिलास हातात घेतला, आणि आपली सोनी रडत वर्गाबाहेर पळाली. मॅडम विचारत होत्या, घरी काही झालं का? काय सांगू त्यांना?

तुम्ही होता तेव्हा या घरात पाणी प्यायला गिलास सापडत नसे! भरल्या गिलासावर पुठ्ठा ठेवून तो उलटा धरायचा, तोही नेमका माझ्या निवडलेल्या तांदळावर. पुठ्ठा टिकला की बापलेकीच्या टाळ्या, आणि पडला की तांदूळ मी वाळवायचे. बाटलीला खाली भोक, झाकण घट्ट लावलं की धार बंद, सैल केलं की सुरू. त्यासाठी तुम्हाला माझी नवी बाटलीच लागायची! शाळेत मास्तर, घरीही मास्तर. पोरीला हवेचा दाब समजावत बसलात आणि स्वतःचा ताप मात्र अंगावर काढलात. मुलचेऱ्याच्या दवाखान्यात चला म्हणून किती मागे लागले होते मी. का ऐकलं नाहीत हो?

तुम्ही गेल्यावर तुमच्या जागी पितळेचा इवलासा दिवा लावला. तुम्हाला वाट दिसावी म्हणून तेरवीपर्यंत तो विझू द्यायचा नाही. तेलाला मुंग्या लागतात, म्हणून मीच तो ताटलीत ठेवून भोवती पाणी ओतलं. शेजारी तुमच्या नावाने काचेच्या गिलासात पाणी. आता तुम्हीच सांगा, ताटलीत पाणी, मधे दिवा, बाजूला गिलास, यात तुमच्या लेकीला काय दिसणार? तिने गिलास रिकामा केला आणि दिव्यावर पालथा घातला.

दिवा विझला. ताटलीतलं पाणी गिलासात वर चढलं. आणि सुतकाच्या घरात, सगळ्या सोयऱ्यांसमोर, ती आनंदाने ओरडली, "आई, चढलं! पाणी चढलं!"

तुमच्या आईंनी तिला दंडाला धरून ओढलं. "बापाचा दिवा इझवला वं पोरी! आता त्याले वाट कोन दाखवन?"

दिवा लगेच पुन्हा लावला, पण ते बोलणं पोरीच्या मनातून गेलं नाही. वेणी घालताना विचारते, "आई, बाबा अंधारात हायेत का? माह्यामुळं?" मी नाही म्हणते. तिला पटत नाही. तुमच्या आईंशी बोलायला जावं, तर तुमचं नाव निघताच त्या पदर तोंडाला लावतात. त्यांचा लेक गेला आहे, त्यांना मी काय बोलू? या दोघींना सांभाळता सांभाळता मी थकले हो. माझं रडणं तर राहूनच गेलं आहे.

आज मात्र ती शाळेतून आली तशी मी चुलीपुढेच ताटली मांडली. पाणी ओतलं, दिवा लावला, तिला समोर बसवलं. ती हात लावेना. मग मीच गिलास पालथा घातला आणि आम्ही बघत बसलो. काहीच कळेना! मी स्टीलचा गिलास घेतला होता.

"सुमन, जळून राह्यला का इझला वं?" तुमच्या आई मागून वाकून विचारत होत्या.

"दिसून नाई राह्यलं," मी म्हटलं.

"काचेचा लागते, आई," सोनी हळूच म्हणाली.

तुमच्या आई उठल्या. त्या दिवशीचा काचेचा गिलास त्यांनी आपल्या लुगड्यांखाली दडवला होता, मला माहीतही नव्हतं. तो आणून त्यांनी सोनीच्या पुढ्यात ठेवला.

"आजी, इझन ना दिवा."

"इझू दे. मी लावतो परत. पन पानी काऊन चढते, ते सांग मले."

"गरम हवा बुडबुडे होऊन भायेर जाते. मंग आतली हवा थंडी झाली का तिचा जोर कमी होते, अन् भायेरची हवा पाण्याले आत ढकलते."

अगदी तुमच्यासारखं, बोट नाचवत सांगितलं तिने. तुमच्या आई मान हलवत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

मला तुमच्यासारखं शिकवता येत नाही. माझे निम्मे प्रयोग फसतील. तुम्ही आता कुठे आहात, तिथे उजेड आहे की नाही, हेही मला ठाऊक नाही. पण तिथे अंधार असलाच, तर तो या लेकराने केलेला नाही. तिला पटेपर्यंत हे मी तिला रोज सांगेन. हा शब्द देते तुम्हाला.

तुमची थकलेली,
सुमन