नाक तुझं, हात माझे

प्रिय पोरी,

आधीच सांगते, हे वाचून रडत बसायचं नाही. मला रडक्या माणसांचा कंटाळा आहे.

वर्षापूर्वी तू माझ्या स्वयंपाकघरातला पंखा दुरुस्त करायला आलीस आणि स्टुलावरूनच म्हणालीस, मावशी, कांदा करपतोय. मी कढईसमोर उभी, आणि मला पत्ता नाही! इस्पितळात तीस वर्षं दोनशे माणसांचं रांधलेली बाई मी. तापानंतर मला वास येईनासा झाला तो कायमचाच, हे पोटच्या मुलालाही सांगितलं नव्हतं. तू पाच मिनिटांत ओळखलंस आणि कुठे बोलली नाहीस.

तेव्हापासून दर रविवारी वरच्या मजल्यावरून खाली येऊन तू हुंगायचं, मी रांधायचं. कांदा जमला की तू झारा कढईवर एकदा ठोकायचीस, करपायला लागला की दोनदा. तुला विजेच्या तारा सोलता यायच्या, पण बटाटा सोलताना निम्मा कचऱ्यात जायचा. आता माझ्याहून बारीक चिरतेस, हे कबूल करायला जिवावर येतं.

गेल्या बुधवारी मला खुमखुमी आली. तुला न सांगता एकटीनं घेवडा शिजत ठेवला आणि आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत बसले. घेवड्याचा कोळसा झाला, घरभर धूर. वरून तू धावत आलीस, मागोमाग नेमका त्याच वेळी मला भेटायला आलेला मुलगा. त्यानं विचारल्यावर तू बेधडक म्हणालीस, “मी ठेवला होता, विसरले.” त्यानं तुला पुन्हा या घरात यायचं नाही म्हणून बजावलं. आणि मी, एवढी तोंडाळ, मूग गिळून बसले. खरं कळलं तर तो माझी शेगडी काढून मला त्याच्या घरी नेईल, या भीतीनं. त्या गप्प बसण्याची मला लाज वाटते.

काल त्याला समोर बसवलं. “घेवडा मी जाळला. मला वास येत नाही. पण मी हे घर सोडणार नाही आणि शेगडीही काढू देणार नाही.” तो चिडला, मग रडवेला झाला. उद्या घर पेटलं तर, म्हणाला. त्याचंही चुकत नाही. म्हणून तू सोबत असल्याशिवाय शेगडी पेटवणार नाही, असा शब्द दिलाय. माझ्या घरात कोणी यायचं ते मात्र मीच ठरवणार, हेही सुनावलंय. त्यानं बाहेरून डबा मागवला, तो मी परत पाठवला.

तुझी माफी मागायला हे पत्र लिहितेय, तोंडानं मला ते जमलं नसतं. कालपासून कोरडा पाव खातेय. पाकिटात घराची किल्ली ठेवलीय. बेल वाजवायची नाही, सरळ आत यायचं.

तुझीच,
खालच्या मजल्यावरची हट्टी मावशी