मालक फटफटीवर येतो

आप्पा,

गेल्या महिन्यात माझ्या मोटारसायकलीमुळे एका चांगल्या माणसाचं लग्न मोडायला आलं होतं. तुम्ही असता तर मुलीकडच्यांच्या बाजूने बोलला असता, याची मला खात्री आहे, म्हणून हे तुम्हालाच लिहायला घेतलं. हा माणूस आमचा सेटर. पत्रा दाबायच्या प्रेसवर डाय, म्हणजे साचा, बसवून देणं हे त्याचं काम, आणि त्याचा हात लागल्याशिवाय आमचं एक मशीन सुरू होत नाही. मूळचा परभणीकडचा, कुरुळीत खोली घेऊन राहतो, तिशी कधीच ओलांडली आहे आणि दोन स्थळं आधीच हातची गेलेली. तिसरं जुळत आलं होतं. आपल्या पट्ट्यात आता एक नवी रीत पडली आहे, मुलगा बघायच्या आधी मुलीकडचे कंपनी बघायला येतात. सकाळी गेटासमोर उभे राहतात. किती माणसं आत जातात, कपडे कसले आहेत, चेहरे खुश आहेत का पडलेले, सगळं टिपून घेतात. तसे मुलीचे वडील आणि मामा आमच्या गेटाशी उभे होते. मी नेहमीसारखा गाडीवरून पोचलो, हेल्मेट काढलं, तर वडील पुढे आले.

"भाऊ, हितं कंपनीची बस येती का?"

"नाही बुवा. सगळे आपापल्या गाडीवर."

"अन् मालक कसे हायेत?"

"माणूस बरा आहे म्हणतात. चहा तेवढा पातळ पाजतो."

दोघं हसले. तेवढ्यात सेटर आतून लगबगीने आला आणि म्हणाला, "साहेब, हे आमचे पाव्हणे." पाहुण्यांचं हसू तिथल्या तिथे जिरलं. मी त्यांना आत नेलं, शेड दाखवली, चहा मुद्दाम दाट करायला सांगितला. मग दोघं हात धुवायला नळावर गेले. माझे कान तुम्हाला माहीतच आहेत. कॉम्प्रेसर चालू होता तरी मामाचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं. "दाजी, मालकच फटफटीवर येतोय. बस न्हाई, काही न्हाई. ह्याला काय कंपनी म्हणावं?" सेटर माझ्या शेजारी उभा होता. त्याला ऐकू गेलं नव्हतं, पण माझ्या तोंडाकडे बघून त्याने काय ते ओळखलं आणि उगाच हातातला पाना पुसत बसला.

मामाने नवीन काही सांगितलं नाही. ते मी तुमच्या तोंडून फार आधी ऐकलेलं होतं.

तुमची बस मला अजून दिसते. मोशीच्या फाट्यावर तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून उभे आहात, काखेत डब्याची पिशवी आहे, पिंपरीकडून बस येते आणि वळून उभी राहते. ड्रायव्हरच्या मागची खिडकी तुमची. तुम्ही रजेवर असलात तरी त्या जागेवर कुणी बसत नसे, हे तुम्हीच जेवताना चार वेळा सांगितलं होतंत. निवृत्तीच्या दिवशी तर बस फाट्यावर न थांबता थेट आपल्या गल्लीत आली, तुम्ही हार घालून दारात उतरलात, आणि बस उलटी काढताना चाकाखाली गटाराची फरशी तुटली. ती फरशी तुम्ही कधी बदलू दिली नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचात. "बस आली हुती दारात, तिनं तुटली." त्या काळी बस म्हणजे पर्मनंट. कंत्राटी माणसाला बसच्या पायरीवर पाय ठेवता येत नसे. आणि मी चाकणला कंत्राटी. तळेगाव दाभाड्यातल्या एकाची जुनी मोटारसायकल घेऊन आलो तेव्हा तुम्ही ओटीवरून उठला नाहीत. मी घराच्या कडेला चेन साफ करत होतो आणि तुम्ही शेजारच्या काकांना हळू आवाजात म्हणालात, "बस न्हाई मिळाली त्याला, म्हणून फटफटी आणलीया. जिथं बस न्हाई ती कसली कंपनी?" मी चेनला तेल घालत राहिलो. जरा जास्तच घातलं गेलं.

त्या फटफटीवर मला काय मिळालं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुमच्यासमोर इतकं बोलायची सोयच नव्हती. आता सांगतो. सकाळी सगळं गाव पिंपरीकडे तोंड करून उभं असायचं आणि मी एकटा उलट्या बाजूला, चाकणकडे. नुसतं ते वळण घेतलं तरी छाती पुढे यायची. उतारावरून इंद्रायणीच्या पुलावर आलं की हवा अचानक गार होते, ती आधी गुडघ्यांना कळते. पुलाखाली जलपर्णीचा ओला वास. चिंबळीपाशी कोथिंबिरीचा टेम्पो पुढे सापडला तर मी त्याला मुद्दाम ओलांडत नाही, बाजारापर्यंत त्याच्या मागेच राहतो. पुढे कांद्याच्या ओल्या बारदानाचा वास, मग कुठल्यातरी रंगखात्याचा गोडसर वास, मग मशीनवर सोडतात त्या कूलंटचा, की समजावं आपण आपल्या मुलखात आलो. चाकणच्या चौकात कंटेनर अडकून पडतात, त्यांच्यामागे काचा लावलेल्या मोटारी, त्यांत टाय लावलेले साहेब फोनवर "पाच मिनिटांत पोचतो" म्हणताहेत. मी कडेकडेने, हँडल किंचित तिरपं करून, त्यांच्या आरशांना न शिवता पुढे. या वयात एवढी मजा दुसऱ्या कशात राहिलेली नाही. आणि चौकात अडकलंच तर शेजारच्या गाडीवरचा कुणीतरी विचारतो, "भावा, तुमच्याकडं भरती हाय का?" दुसरा सांगतो, "आमच्याकडं ओव्हरटाइम बंद केला राव." सगळ्या पट्ट्याची खबर मला तिथे, एक पाय जमिनीवर टेकवून, फुकटात मिळते. बँकेच्या साहेबाला ती तीन महिन्यांनी कळते.

पण खरी गोष्ट कानाची. गाडीवर काच नाही, छप्पर नाही, शेजारी गप्पा मारणारं कुणी नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या शेड मला आवाजावरून कळायला लागल्या. इथे लेथ, इथे ग्राइंडिंग, इथे मोठा प्रेस, धाडकन पडतो आणि एक श्वास घेऊन पुन्हा पडतो. तळेगाव रस्त्याला आत एक शेड होती, तिचा प्रेस मी रोज जाता येता ऐकायचो. एका आठवड्यात तो गप्प झाला. सोमवारी गप्प, मंगळवारीही गप्प. बुधवारी मी गाडी वळवली. दारात एक शेठ स्टुलावर बसले होते.

"प्रेस बंद का, शेठ?"

"तू कोण?"

"रस्त्यावरून जाणारा."

"सेटर सोडून गेला. ऑर्डर हाय, माणूस न्हाई."

शिफ्ट सुटल्यावर संध्याकाळी मी त्यांच्याकडे डाय बसवून द्यायला जायला लागलो. पुढे तो प्रेस भाड्याने घेतला, मग विकत घेतला, मग शेठना मुलाकडे जायचं होतं म्हणून शेडही माझ्याकडे आली. आज तिथे आपल्या चार शेड आहेत. बसमध्ये तुमच्यासारखा खिडकीशी बसलो असतो तर डिझेलच्या घरघरीत त्या प्रेसचं गप्प होणं मला कधीच ऐकू आलं नसतं. आप्पा, पर्मनंट झालो असतो तर आज निवृत्त झालो असतो. हे मी अभिमानाने लिहितो आहे, आणि तुम्ही मध्येच "पुरे" म्हणू शकत नाही, याचा फायदा घेतो आहे.

खंडेनवमीला तुम्ही एकदा माझ्या मागे बसून आला होतात. माझा खांदा धरला नाहीत, मागची लोखंडी कडी धरलीत. पुलावर म्हणालात, "वारं लई लागतंय." मशीनला झेंडूची माळ घातली, नारळ तुम्ही फोडलात, पत्र्याचा एक तुकडा उचलून कड अंगठ्याने तपासलीत. मी वाट बघत होतो. तुम्ही म्हणालात, "कामगारांना बस कवा लावनार?"

"आप्पा, तीनच माणसं आहेत."

"मंग चौथा कसा यील?"

मला राग आला होता. बस, बस, दुसरं काही सुचत नाही यांना, असं वाटलं. त्याच्या पुढची खंडेनवमी तुम्ही बघितली नाहीत.

तर नळावरचं ते बोलणं ऐकलं आणि मी ठरवलं, पाहुण्यांना असंच जाऊ द्यायचं नाही. म्हणालो, चाकणच्या स्टँडवर मी सोडतो. मामा सेटरच्या मागे बसले, मुलीचे वडील माझ्या मागे. मला वाटलं होतं, यांना जरा रस्ता दाखवू, चार लोक नमस्कार करतात ते दिसू दे, मालक म्हणजे काय ते कळू दे. लोकांनी नमस्कार केलेही. वडील कानाशी वाकून म्हणाले, "मालक, तुम्हाला मोटार न्हाई का?"

"आहे. घरी दोन उभ्या आहेत."

"मंग कामून हे असं?"

"मोटारीत बसलं की मला काही ऐकू येत नाही."

स्टँडवर उतरले, टोपी नीट केली. मामा दूर चहाच्या गाडीशी सेटरला काहीतरी विचारत होते. वडील माझ्याजवळ सरकले. "मालक, आमच्या मेव्हण्याचं मनावर घेऊ नका. त्याला बसचा रुबाब पायजे. मला रुबाब नको. तुमचा कारखाना चालू हाय, ते दिसलं. पण गड्याची रातपाळी असती म्हणतात. हा गाडीवर, रस्त्याला हे एवढाले ट्रेलर, अन् माझं लेकरू तिकडं खोलीत घड्याळाकडं बघत बसणार. बसनं आला तर ती झोपंल तरी."

मी गाडी साइड स्टँडवर लावलेली असूनही हँडल धरून उभा होतो. आई तुमच्यासाठी कधी दारात थांबल्याचं मला आठवत नाही. बस यायची, तुम्ही यायचात, भाकरी तव्यावर पडायची. माझ्यासाठी ती थांबायची. चेन सैल झाली की गाडीचा आवाज बदलायचा आणि मी घरात शिरायच्या आत ती म्हणायची, "आज आवाज निराळा येतोय रं." मला वाटायचं, हिचे कान माझ्यासारखे. कान माझ्यासारखे नव्हते, ती फक्त तेवढा एकच आवाज ऐकत बसलेली असायची. तुम्ही ओटीवर बसून रोज ते बघत होतात आणि बोलताना मात्र बोललात ते कंपनीबद्दल.

"बस लावतो," मी म्हणालो. "रातपाळीला आधी."

"बगा हं. मी लेकीला तसं सांगणार."

"सांगा."

ट्रॅव्हल्सवाल्याकडून दोन्ही पाळ्यांसाठी एक मिनीबस ठरवली. भोसरीहून निघते, मोशी, कुरुळी करत चाकणला येते. दारावर आपल्या कंपनीचं नाव रंगवून घेतलं, अक्षर मी दोनदा पुसून मोठं करायला लावलं. लग्नाची तारीख निघाली आहे. सेटर कुरकुरतो. "साहेब, माझ्यामुळं बस लागली अन् मलाच आवडंना. गाडीवर कसं, मनाला यील तवा निघायचं." मी म्हणालो, "सासऱ्याला सांग जा." तो म्हणाला, "त्यांनी लेकीला आत्ताच सांगून ठेवलंय. लगीन झालं की गाडीची चावी तिच्याकडंच राहणार." पॅकिंगच्या बायका मात्र खुश आहेत, त्यांच्यातल्या एकीने गेटातून शिरताना म्हटलेलं मी ऐकलं, "आता सासू म्हणती, जा बाई, कंपनी खरी हाय." मी अर्थातच गाडीवरच जातो. पुलावर बस मला ओलांडून पुढे गेली की आतले हात करतात, मीही करतो. नाव वाचता यावं म्हणून मी थोडा मागेच राहतो.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, घरात कुणाला दाखवायचंही नाही. त्यामुळे एक गोष्ट लिहायला हरकत नाही. पहिल्या दिवशी सीट कशा आहेत, ड्रायव्हर कसा चालवतो ते बघायला म्हणून मी मोशीला बसमध्ये चढलो होतो. पूल आठवतो. त्यापुढचं काही आठवत नाही, कोथिंबीर नाही, चौक नाही, एकही प्रेस नाही. ड्रायव्हरने हाक मारली, "साहेब, आली कंपनी." सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मी डोळे चोळले नाहीत. म्हणालो, "इंजिनाचा आवाज ऐकत होतो, डोळे मिटून बरोबर कळतो." त्यांनी मान डोलावली. तुम्हाला मात्र खरं सांगतो आप्पा, झोप लागली होती. लई गाढ लागली होती.